आंबोलीच्या अलीकडे

डिकम्प्रेशन सिकनेसची लक्षणं मला तोंडपाठ होती. नवीन पोरांना डायव्हिंग शिकवताना मीच ती फळ्यावर लिहून द्यायचो. सांधेदुखी, अंगाला खाज, हातापायांना मुंग्या, बधिरपणा, विश्रांती घेऊनही न जाणारा थकवा, चक्कर, लघवी अडणं. बुडी मारून वर आल्यापासून २४ तासांत यातलं काहीही झालं तर दुसरं कारण शोधत बसू नका, आधी हेच धरून चाला, असंही बजावायचो. आणि माझा सख्खा मेहुणा माझ्याच गाडीत, माझ्या शेजारी बसून यातली एकेक गोष्ट मला सांगत होता, तेव्हा मी त्या प्रत्येक गोष्टीला दुसरं कारण शोधून देत होतो.

हे लिहायचं बरीच वर्षं टाळलं. आता त्याला विचारूनच लिहितोय. तो म्हणाला, "लिहा दाजी. फक्त मी अंगावर काढलं असं लिहू नका. मी सांगत होतो तुम्हाला."

खरं आहे. तो सांगत होता.

डिसेंबर महिना होता. मालवणला पावसाळा संपला की स्कुबाचा हंगाम सुरू होतो तो थेट मेपर्यंत चालतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पर्यटकांना पाण्यात उतरवतात ते जेमतेम सहा-आठ मीटरांवर, हाताला धरून. आम्ही बेळगावची मंडळी रीतसर शिकलेली, त्यामुळे मच्छीमाराची होडी ठरवून बरंच आत जायचो, वीस-बावीस मीटर खोलीला. मेहुण्यानं पुढच्या पातळीचा कोर्स नुकताच पूर्ण केला होता आणि त्याला माझ्याबरोबरच उतरायचं होतं. सकाळच्या दोन बुड्या अगदी नियमात झाल्या. दुपारी पाणी आणखी नितळ झालं. तांडेल दोनदा म्हणाला, "वारो फिरता हा, चला जावया." मी म्हटलं, अजून एक करू.

तिसऱ्या बुडीत खाली प्रवाह लागला. खडकाच्या आडोशाला राहण्यासाठी सारखे पाय मारावे लागत होते. मेहुण्याचा श्वास वाढला, सिलिंडरमधली हवा भराभर उतरली. मी वर जाण्याची खूण केली. वर येताना पाच मीटरांवर तीन मिनिटं थांबायचं असतं. सेफ्टी स्टॉप म्हणतात त्याला. पण आम्ही होडीपासून लांब वाहवत चाललो होतो, त्याची हवा कमी होती, डोक्यावर लाटा दिसत होत्या. मी न थांबता त्याला वर घेऊन आलो. शेवटच्या दहा मीटरांत त्याच्या मनगटावरचा डायव्ह कॉम्प्युटर वेग जास्त आहे म्हणून वाजत होता. तो आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. थांबण्यापुरती हवा त्याच्याकडे होती, हे नंतर त्याच कॉम्प्युटरच्या नोंदीत दिसलं. नसती तरी माझ्या सिलिंडरमधून देता आली असती.

शरीरात काय होतं ते थोडक्यात सांगतो. समुद्रात दर दहा मीटरांना एका वातावरणाइतका दाब वाढतो. वीस मीटरांवर तो जमिनीवरच्या तिप्पट होतो आणि आपण श्वासात घेतो ती हवाही तितक्याच दाबाची असते. हवेतला जवळपास चार पंचमांश भाग नायट्रोजन. शरीराला त्याचा काही उपयोग नाही, पण दाबाखाली तो रक्तात, चरबीत, मज्जारज्जूत विरघळत राहतो. सावकाश वर आलं तर फुफ्फुसांवाटे निघून जातो. घाई केली तर शरीरातच त्याचे बुडबुडे होतात, आणि ते कुठे अडकतात त्यावर दुखणं ठरतं. खांद्यात अडकले तर खांदा दुखतो, कातडीत अडकले तर खाज सुटते आणि जांभळट चट्टे उठतात, मज्जारज्जूत अडकले तर पाय आणि मूत्राशय जातं. नायट्रोजनच्या बुडबुड्यांचं हे कारण फ्रान्सच्या पॉल बेर यांनी १८७८ साली मांडलं. जॉन स्कॉट हाल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्यानं वर येण्याची कोष्टकं १९०८ साली प्रसिद्ध केली. आमच्या मनगटावरचे कॉम्प्युटर त्याच विचारातून पुढे आलेले. याच हाल्डेन यांचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन यानं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाणबुडीतल्या माणसांसाठी स्वतःच्या शरीरावर दाबाचे प्रयोग करून घेतले, आणि पुढे तो भारतात स्थायिक होऊन १९६४ साली भुवनेश्वरला वारला. वर्गात हे सगळं मी रंगवून सांगत असे.

होडीत चढल्यावर मेहुणा जाळ्यांच्या ढिगावर आडवा झाला. एरवी तो सगळ्यात आधी आवराआवरीला लागणारा. म्हणाला, "दाजी, अंगात काही त्राणच नाही." मी म्हटलं, ऊन लागलंय, पाणी पी. किनाऱ्यावर नळाखाली अंग धुताना तो पोट खाजवत होता. बेंबीच्या बाजूला जांभळी नक्षी उमटली होती. मी ती बघितली आणि जेलीफिश लागली असेल म्हणून सोडून दिलं. कपडे बदलताना त्याला उजवा हात वर करता येईना. मी म्हणालो, सिलिंडर उचलताना खांदा भरला असेल, आणि स्वतः बाम चोळून दिला. त्या दिवशी त्यानं एकही सिलिंडर उचलला नव्हता. सगळे मीच होडीवरच्या पोरांकडून उतरवून घेतले होते, आणि बाम चोळताना हे मला माहीत होतं.

आजही मी अडतो तो इथेच. लक्षणं ओळखता आली नाहीत असं म्हणायची सोय मला नाही. खांदा बुडबुड्यांनी दुखतोय असं मान्य केलं असतं तर तिसरी बुडी कोणी ठरवली, स्टॉप कोणी चुकवला, हे प्रश्न लगेच पुढे आले असते. उन्हाला आणि जेलीफिशला दोष दिला की मी सुटत होतो. तसा विचार मी मनात शब्दांत केला नव्हता, पण माझं प्रत्येक उत्तर मला सोडवणारंच निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी सत्यनारायण होता, म्हणून पाचच्या सुमारास आम्ही निघालो. एका दिवसात अनेक बुड्या मारल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसायचं नाही, हा नियम मी शिकवायचो. एकच बुडी असेल तर १२ तास. वर गेलं की हवेचा दाब कमी होतो, शरीरात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे वाढतात आणि फुगतात. समुद्रसपाटीपासून २,००० फुटांच्या वर, म्हणजे साधारण ६०० मीटरांपलीकडे गेलं की हा धोका धरायचा असतो, मग तुम्ही विमानानं जा नाहीतर मोटारीनं. आंबोली ६९० मीटरांवर आहे आणि बेळगाव साडेसातशेच्या आसपास. मालवणच्या किनाऱ्यापेक्षा बेळगावात हवेचा दाब आठ-नऊ टक्क्यांनी कमी असतो. विमानाचा नियम मुलांकडून पाठ करून घेणारा मी दर हंगामात बुड्या मारून त्याच संध्याकाळी घाट चढून घरी जात होतो. तोवर कोणाला काही झालं नव्हतं म्हणून ती आमची रीतच पडून गेली होती.

सावंतवाडीला चहाला थांबलो. मेहुणा बाकावर बसला, मग उठून उभा राहिला, पुन्हा बसला. म्हणाला, "दाजी, कमरेला कुणीतरी करगोटा आवळल्यासारखं होतंय. पाठीतनं पुढं पोटापर्यंत."

पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखी ही कळ मज्जारज्जूला इजा होत असल्याची खूण असते. डायव्हिंगच्या वैद्यकात ती इतकी ठरलेली आहे की पाठ्यपुस्तकात तिला वेगळा उल्लेख असतो. ती त्यानं मला त्याच्या शब्दांत नेमकी सांगितली होती. मी म्हटलं, रिकाम्या पोटी भजी खाल्लीस, गॅस झालाय.

तिथे आम्ही जवळजवळ समुद्रसपाटीला होतो. गावात दवाखाने होते, दवाखान्यात ऑक्सिजन होता. माणसाला आडवं निजवून तोंडाला मास्क लावून शुद्ध ऑक्सिजन द्यायचा, म्हणजे श्वासातून आणखी नायट्रोजन आत जात नाही आणि आतला लवकर बाहेर पडतो. पहिला उपचार एवढाच आहे. तिथून फोन करून दाबाचं चेंबर कुठे मिळेल याची चौकशी करता आली असती आणि घाट न चढता कोकणातल्याच रस्त्यानं निघता आलं असतं. मी चहाचे पैसे दिले आणि गाडी आंबोलीच्या रस्त्याला लावली.

घाटात तो गप्प झाला. अर्ध्या घाटात म्हणाला, दोन्ही तळपायांना मुंग्या येताहेत. मी म्हणालो, पाय मोकळे सोडून बस. वर आंबोलीत लघवीला उतरला आणि बराच वेळ परतला नाही. आला तेव्हा दाराला धरून उभा राहिला. "होत नाही दाजी." मी म्हटलं, थंडी आहे, घरी जाऊन होईल.

घरी गाडीतून उतरताना तो खाली बसला. माझी बायको अंगणात आली होती. तिनं भावाला सावरलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "काय झालं हो याला?"

"दमलाय," मी म्हणालो.

रात्री तिनंच मला उठवलं. तो तासभर न्हाणीघरात होता. दार उघडलं तर भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसलेला. डावा पाय त्याला हलवता येत नव्हता. तेव्हा मी ते नाव पहिल्यांदा तोंडातून काढलं. बायकोला त्याचा अर्थ माहीत नव्हता. तिला तो न्हाणीघराच्या दारातच सांगितला.

दवाखान्यात लघवीची नळी घातली तेव्हा लिटरभराच्या वर लघवी निघाली. रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरांना मणका सरकल्याची शंका होती. डोंगरावरच्या गावात त्यांनी असा रोगी कधी पाहिला असण्याचं कारण नव्हतं. मी त्यांना डायव्हिंगचं सांगितलं, ऑक्सिजन लावून घेतला, डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या चोवीस तास चालणाऱ्या फोनवर बोललो. पलीकडच्या डॉक्टरांनी बुड्यांची माहिती विचारली. मी खोली सांगितली, वेळा सांगितल्या. न केलेल्या स्टॉपबद्दल बोललो नाही. मेहुणा पलंगावरून ऐकत होता. त्यानं मनगटावरचा कॉम्प्युटर काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "यात बघून सांगा."

मग मी सगळं सांगितलं.

पुढचा प्रश्न होता, पहिली तक्रार किती वाजता झाली? मला सांगता आलं नाही. होडीत दमला तेव्हा, की नळाखाली खाजवत होता तेव्हा? मी एकाही तक्रारीला तक्रार मानलं नव्हतं, त्यामुळे एकाचीही वेळ लक्षात नव्हती. चेंबर असलेलं रुग्णालय गाठेपर्यंत दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली.

चेंबरमध्ये माणसाला पुन्हा दाबाखाली नेतात, पाण्यात १८ मीटरांवर असावा तितक्या. बुडबुडे आकसतात. त्यातच शुद्ध ऑक्सिजन द्यायचा, वीस मिनिटं ऑक्सिजन आणि पाच मिनिटं साधी हवा अशा पाळ्यांनी, मग हळूहळू दाब उतरवायचा. एक वेळचा पूर्ण उपचार पावणेपाच तासांचा. पहिल्याच उपचारानंतर त्याचा पाय गुडघ्यापाशी हलला. पुढेही असे उपचार होत राहिले. लवकर आला असता तर, असं तिथले डॉक्टर मला एकदाही म्हणाले नाहीत. मात्र बरेच तास गेल्यावर मज्जारज्जूचं किती परत येईल ते आधी सांगता येत नाही, एवढं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

काही महिन्यांनी त्याच्या हृदयाची तपासणी झाली. दर चार माणसांमागे साधारण एकाच्या हृदयात, जन्माआधी उघडं असलेलं एक छोटं छिद्र पुरतं बुजलेलं नसतं. बुडबुडे फुफ्फुसांत गाळले न जाता त्यातून थेट पलीकडे जाऊ शकतात, आणि अशा माणसांना या आजाराचा धोका अधिक असतो. अहवाल येईपर्यंत छिद्र निघावं म्हणून मी मनातल्या मनात प्रार्थना करत होतो. स्वतःच्या मेहुण्याच्या हृदयात दोष निघावा अशी. छिद्र निघालं नाही.

तो आता चालतो, नोकरी करतो, स्कूटर चालवतो. डावा तळपाय बधिर राहिला. चालता चालता त्या पायातली चप्पल निसटून मागे राहते आणि त्याला कळत नाही. पाच-सहा पावलं पुढे गेल्यावर खाली बघतो, मग परत येऊन घालतो. घरातले सगळे आता त्याच्या मागे चालताना नकळत खाली बघत चालतात. लघवीला त्याला वेळ लागतो, त्यामुळे लांबच्या प्रवासाला आणि लग्नकार्याला जाणं त्यानं कमी केलं आहे. सासरे गेले तेव्हा स्मशानात उघड्या पायानं चालताना त्याच्या तळव्यात काच घुसली. रक्त सगळ्यांना दिसलं, त्याला नाही.

मी डायव्हिंग सोडलं नाही. सोडावं असं बायकोला वाटत होतं आणि तिचं चुकीचं नव्हतं. पण मालवणला जी पोरं रोज पाण्यात उतरतात त्यांच्याविषयी कोणीतरी बोलायला हवं असं मला वाटत होतं. पर्यटक एकदा सहा-आठ मीटरांवर जाऊन येतो, त्याला हा धोका जवळपास नसतो. त्याला हाताला धरून नेणारा पोरगा मात्र हंगामाच्या गर्दीत दिवसभर खाली-वर, खाली-वर करत असतो. खोली कमी असली तरी असं सारखं वर येणं चांगलं नाही. संध्याकाळी तोच पोरगा सिलिंडर वाहतो आणि रात्री अंग दुखतंय म्हणून दोन घोट घेऊन झोपतो. त्याचं अंग कशानं दुखतंय हे कोणीही विचारत नाही, कारण अंगमेहनतीचं काम आहे, दुखणारच. दारूनं अंगातलं पाणी कमी होतं आणि दुखणं झाकलं जातं, ते वेगळंच.

त्यांच्यात बसतो तेव्हा फळ्यावर लक्षणं लिहीत नाही. एकमेकांना तपासायला शिकवतो. डोळे मिटून एका पायावर उभा राहा. टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चाल. माझी बोटं दोन्ही हातांनी सारखी दाब. झोपून पाय उचल, मी खाली दाबतो. शंभरातून सात सात वजा करत जा. बुडीनंतर लघवी झाली का, हे तर लाज सोडून विचारायचंच. पाच मिनिटं लागतात. काही वेगळं आढळलं तर घड्याळात बघून वेळ लिहायची, ऑक्सिजन लावायचा आणि फोन करायचा. ऑक्सिजननं बरं वाटलं तरी फोन करायचाच, कारण मास्क काढल्यावर दुखणं परत येऊ शकतं. चेंबरचं मात्र अवघड आहे. कुलाब्याच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात ही सोय आहे, पण मालवणहून मुंबई पाचशे किलोमीटरच्या घरात. जखमा भरून येण्यासाठी काही रुग्णालयांत ऑक्सिजनची छोटी चेंबर असतात, तिथे हा उपचार होईलच असं नाही. म्हणून कोण घेईल, कोण नाही, हे हंगामाच्या सुरुवातीलाच फोन करून विचारून ठेवावं लागतं.

गेल्या हंगामात त्यातल्या एका पोराचा रात्री नऊला फोन आला. "काका, कोपर दुखता. काम केल्यामुळं असात, पण तुम्ही सांगितलं होतास म्हणून फोन केलंय." मी त्याला किती वाजल्यापासून ते विचारलं. त्यानं साडेपाच सांगितलं, लगेच. वेळ त्यानं हातावर पेनानं लिहून ठेवली होती. त्याला ऑक्सिजन लावला, डॉक्टरांशी बोललो, त्यांच्या सांगण्यावरून रात्रीच गाडी करून चेंबरकडे पाठवला. एका उपचारात कोपर पूर्ण बरं झालं. डॉक्टरांनी महिनाभर पाण्यात उतरू नको म्हणून सांगितलं, आणि तो जिथे काम करत होता तिथे त्याची जागा दुसऱ्या पोरानं भरली. चेंबरचा खर्च आम्ही काही जणांनी वाटून घेतला. त्याच्या बुडालेल्या महिनाभराच्या मजुरीचं मी त्याच्या मालकाकडे दोनदा बोललो आहे. पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहे, आणि या वेळी मेहुणाही बरोबर येतो म्हणाला.